कमोडमध्ये काय जाऊ द्यायचं आणि शेजारच्या डब्यात काय टाकायचं

कमोडमध्ये शी, शू आणि पाणी, एवढंच जायला हवं. टॉयलेट पेपर वापरत असाल तर तोही चालेल, पण एका वेळी चार-सहा तुकडे. बाकी काहीही नको. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी इथे नाशिकमध्ये सोसायटीचं सांडपाण्याचं चेंबर उघडलं की पॅड, वाइप्स, केसांचे गुंते आणि गोळ्यांची पाकिटं निघतातच. कारण साधं आहे, संडासात डबाच नसतो. हातात वापरलेलं पॅड आहे, हॉलमध्ये पाहुणे बसलेत आणि कचऱ्याचा डबा स्वयंपाकघरात. अशा वेळी पटकन फ्लश दाबला जातो. म्हणून सुरुवात डब्यापासून करा, घरातल्यांना बोलण्यापासून नको.

डबा पाच लिटरचा, झाकणाचा आणि शक्यतो पायाने उघडणारा घ्या. मोठा घेतला की तो भरेपर्यंत चार दिवस तसाच राहतो आणि वास सुटतो. कमोडवर बसल्या जागेवरून हात पोहोचेल असा ठेवा, पण जेट स्प्रेचं पाणी उडणार नाही अशा कोपऱ्यात. आत तळाला वर्तमानपत्राची घडी घाला. वरच्या फळीवर वर्तमानपत्राची अर्धी केलेली पानं आणि एक लाल स्केचपेन ठेवा. घरात दोन संडास असतील तर दोन्हीकडे हीच व्यवस्था हवी. पाहुण्यांच्या संडासात तर आधी.

पॅड गुंडाळायची पद्धत मुलींना एकदा नीट दाखवून द्या. वापरलेली बाजू आत ठेवून पॅड एका टोकाकडून घट्ट गुंडाळा. अर्ध्या पानाच्या एका कोपऱ्यावर ते ठेवा, एक वेढा द्या, मग दोन्ही बाजू आत दुमडा आणि उरलेला कागद शेवटपर्यंत गुंडाळून टोक आत खोचा. पानाची पुडी बांधतात तशीच. वर लाल फुली मारा. घंटागाडीवरचा माणूस सुका कचरा हाताने वेगळा करतो, फुली दिसली की तो पुडी उघडत नाही. केंद्राच्या घनकचरा नियमांतही सॅनिटरी कचरा असा गुंडाळूनच द्यायला सांगितलं आहे. ही पुडी ओल्या कचऱ्यात मात्र मुळीच जाऊ देऊ नका. नाशिकचा ओला कचरा पाथर्डीच्या खत प्रकल्पात जातो आणि पॅडचं प्लॅस्टिक कुजत नाही. घंटागाडी आली की पुडी वेगळी हातात द्या. डायपरलाही हीच पद्धत, फक्त आधी बाळाची शी कमोडमध्ये झटकून घ्या.

आता पॅड पाइपमध्ये गेलं तर काय होतं ते पाहू. पॅड आणि डायपरच्या आत पाणी शोषून जेली होणारी पावडर असते. ती आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरते. बोटभर जाडीची गोष्ट कमोडच्या वळणात शिरते आणि तिथेच मुठीएवढी होते. बऱ्याच पाश्चात्त्य कमोडमध्ये हे वळण आतून जेमतेम दोन-सव्वादोन इंचांचं असतं. भारतीय भांड्याचा ट्रॅप, म्हणजे खालचं वळण, मोठा असतो, त्यामुळे तिथून पॅड निसटून पुढे जातं. लोकांना वाटतं, गेलं. प्रत्यक्षात ते चार इंची पाइपच्या एल्बोला, म्हणजे वाकड्या जोडाला, नाहीतर चेंबरच्या तोंडाशी जाऊन अडतं. त्रास होतो तळमजल्यावरच्या घराला. वरच्या चार मजल्यांचं पाणी त्यांच्या नहाणी ट्रॅपमधून वर येतं.

वाइप्सचा धोका लोकांना सगळ्यात कमी वाटतो, म्हणून त्या सगळ्यात जास्त त्रास देतात. दिसायला कागद, पण बऱ्याच वाइप्समध्ये पॉलिस्टरचे धागे असतात. पाकिटावर "फ्लश करता येईल" असं लिहिलेलं असलं तरी घरी एक परीक्षा घ्या. झाकणाच्या दोन बरण्या अर्ध्या पाण्याने भरा. एकीत टॉयलेट पेपरचा तुकडा टाका, दुसरीत वाइप. दोन्ही दहा-पंधरा सेकंद जोरात हलवा, अर्धा तास ठेवा आणि पुन्हा हलवा. पेपरचा लगदा होतो. वाइप काढून पिळली तर आहे तशी निघते, ताणली तरी फाटत नाही. पाइपमध्येही ती तशीच राहते. जेवणाच्या टेबलावरचे टिश्यू आणि किचन टॉवेलही याच परीक्षेत नापास होतात, कारण ओले झाल्यावर फाटू नयेत म्हणूनच ते बनवलेले असतात.

जुन्या कॉलन्यांत चिनी मातीचे किंवा सिमेंटचे पाइप आहेत. त्यांच्या सांध्यातून झाडांची मुळं आत शिरतात. पहिली वाइप त्या मुळाला अडकते, तिच्यावर केसांचा गुंता बसतो, दातांच्या फ्लॉसचा नायलॉन धागा त्याला वेढा घालतो आणि मग जाड बोळा तयार होतो. म्हणून कंगव्यातले केस, फ्लॉस, कानाच्या काड्या, कापूस, बँडेज, कंडोम, ब्लेड, शाम्पूची पाकिटं, सिगारेटची थोटकं, तंबाखूच्या पुड्या हे सगळं डब्यात. ब्लेड आधी जाड पुठ्ठ्यात गुंडाळा. कमोडच्या कडेला लटकवायच्या सुगंधी वडीची प्लॅस्टिकची जाळीही सुटून आत पडते. वडी संपली की ती लगेच काढून टाका.

स्वयंपाकघरातून कमोडकडे जाणाऱ्या गोष्टी

उरलेला भात, आंबलेलं वरण, मिसळीचा राहिलेला रस्सा. बेसिनला गाळणी लावलेली असते म्हणून हे कमोडमध्ये ओतलं जातं. भात पाण्यात फुगतो आणि आडव्या पाइपच्या तळाशी बसतो. तो ओल्या कचऱ्यात द्या. चहाचा चोथा धुऊन कुंडीत घाला.

तर्रीचं तेल जास्त वाईट. खोबरेल २४ अंशांच्या आसपासच गोठायला लागतं, तूप आणि डालडाही थंडीत घट्ट होतात, आणि नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांवर किंवा त्याखालीही उतरतो. शेंगदाण्याचं, सोयाबीनचं तेल गोठत नाही, म्हणून ते चालेल असं वाटतं. पण सांडपाण्यातल्या कॅल्शियमशी त्याची प्रक्रिया होऊन साबणासारखा पांढरट, चिवट थर पाइपच्या आतून चढत जातो. गरम पाणी ओतल्याने तो निघत नाही. तेल फक्त पुढे सरकतं आणि पुढच्या वळणावर बसतं. रस्सा असेल तर थंड होऊ द्या, वरची तर्री पळीने काढा, कागदात टिपून घ्या आणि उरलेलं ओल्या कचऱ्यात टाका. दिवाळीच्या फराळाचं तळणीचं तेल जास्त असतं. ते पूर्ण थंड झाल्यावर जुन्या बाटलीत भरून, बूच घट्ट लावून घंटागाडीत वेगळं द्या.

विसर्जनाच्या बादलीचं पाणी

घरी विसर्जन करणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि ते चांगलंच आहे. गोदावरीचा भार तेवढाच हलका. पण बादलीतलं पाणी शेवटी कमोडमध्ये ओतलं, तर तो भार आपल्याच पाइपवर येतो. शाडूची माती पाण्याबरोबर वाहत जाते असं वाटतं. फ्लशचा जोर ओसरला की ती आडव्या पाइपच्या तळाशी बसते, पुढचं पाणी तिच्या वरून निघून जातं आणि थरावर थर चढतो. त्यापेक्षा बादली दोन दिवस न हलवता ठेवा. वरचं नितळ पाणी झाडांना घाला. खालचा गाळ पसरट घमेल्यात उन्हात सुकवा. सुकलेली माती पुढच्या वर्षीच्या मूर्तीला वापरता येते, नाहीतर कुंडीत मिसळा.

प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती विरघळवायला अमोनियम बायकार्बोनेट लागतं, साधारण मूर्तीच्या वजनाइतकं. वास उग्र असतो, म्हणून बादली गच्चीत किंवा उघड्या बाल्कनीत ठेवा आणि अधूनमधून ढवळा. मूर्ती विरघळल्यावर वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं. ते भरपूर पातळ करून झाडांना चालतं. खाली बसतो तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच. खडूचा गाळ पाइपमध्ये सोडायचा नाही.

औषधं

मुदत संपलेल्या गोळ्या आणि सिरप फ्लश करणं सुरक्षित आहे असा समज पक्का आहे, पण बहुतेक औषधांसाठी तो चूक आहे. आगर टाकळी, तपोवन इथल्या मलशुद्धीकरण केंद्रांत पाणी स्वच्छ करण्याचं मोठं काम जिवाणू करतात. अँटिबायोटिक विरघळून गेलं तर ते तिथे पूर्ण निघत नाही आणि नदीत जातं. गोळ्या पाकिटासकट वेगळ्या पिशवीत ठेवा, औषध दुकानदार परत घेतो का ते विचारा, नाहीतर घंटागाडीत घरगुती घातक कचरा म्हणून वेगळ्या द्या.

याला एक अपवाद आहे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत १७ औषधांची यादी दिली आहे, जी घरात ठेवण्यापेक्षा फ्लश केलेली बरी. त्यात फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल अशी औषधं आहेत. लहान मुलाने यातला एखादा डोस चुकून घेतला तरी जिवावर बेतू शकतं. आजारी माणसाच्या पश्चात अशी औषधं घरात उरली असतील तर डॉक्टरांना किंवा दुकानदाराला नाव दाखवून खात्री करा.

पाणी किती सोडायचं

नव्या टाक्यांना दोन बटणं असतात, अर्धा फ्लश साधारण ३ लिटरचा आणि पूर्ण ६ लिटरचा. शी झाल्यावर अर्ध्या फ्लशवर काम भागवू नका. भांडं स्वच्छ दिसतं, पण मैला आडव्या पाइपमध्ये थांबतो आणि वाळतो. पाणीपुरवठा बंद असेल त्या दिवशी बादलीने ओता, पण ६-७ लिटर एका दमात. मगाने थोडं थोडं टाकल्याने जोर मिळत नाही. जुनी १० लिटरची टाकी असेल तर पाणी वाचवायला आत भरलेली एक लिटरची बाटली ठेवता येते. वीट ठेवू नका. ती झिजून वाळू सुटते, झडपेत अडकते आणि टाकी रात्रंदिवस गळत राहते. ६ लिटरच्या टाकीत बाटलीही नको.

तुंबलं तर

पाणी वर चढायला लागलं की पुन्हा फ्लश दाबू नका. टाकीत पाणी सोडणारा नळ, म्हणजे अँगल कॉक, बंद करा. मग पाहा, फक्त हेच कमोड तुंबलंय की नहाणीतूनही पाणी वर येतंय? फक्त कमोड असेल तर अडथळा त्याच्या वळणात आहे. दोन्ही असतील तर तो पुढच्या पाइपमध्ये आहे. सोसायटीत असाल तर ओळीने चेंबरचे ढापे उघडून पाहा. भरलेलं शेवटचं चेंबर आणि त्यापुढचं रिकामं चेंबर यांच्या मधल्या पाइपमध्ये बोळा आहे. प्लंबरला हे सांगितलं तर त्याचा अर्धा वेळ वाचतो.

कमोडपुरतं असेल तर अर्धी वाटी भांडी घासायचं लिक्विड टाका, अर्धी बादली कोमट पाणी हळूहळू ओता आणि वीस मिनिटं थांबा. उकळतं पाणी नको, चिनी मातीला तडा जातो. नंतर खाली रबरी ओठ असलेला प्लंजर घ्या. त्याचं तोंड पाण्यात पूर्ण बुडलेलं हवं. पहिला दाब हळू द्या, म्हणजे आतली हवा निघते. मग पंधरा-वीस वेळा दाबा आणि ओढा. ओढण्यावर जोर ठेवा, कारण पॅड पुढे ढकलण्यापेक्षा मागे आणून चिमट्याने काढणं बरं. तीन फेऱ्यांत सुटलं नाही तर प्लंबरची स्प्रिंग लागेल.

ॲसिड किंवा कॉस्टिक ओतू नका. प्लॅस्टिकचं पॅड त्याने विरघळत नाही, आणि तुंबलेल्या पाण्यात ॲसिड आहे हे माहीत नसलेला प्लंबर हात घालतो आणि भाजतो. ॲसिडवर ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद संडासात तो जीव घेऊ शकतो.

सेप्टिक टँक असलेली घरं

मळ्यातली घरं आणि शहराच्या कडेचे बरेच बंगले सेप्टिक टँकवर आहेत. तिथे वरचे सगळे नियम दुपटीने पाळायचे, कारण टँकमध्ये गेलेली वाइप कुठेच जात नाही. रोज ॲसिड आणि फिनाईल ओतल्याने टँकमधले जिवाणू मरतात, मैला कुजत नाही आणि शोषखड्डा चिकट गाळाने भरतो. काळ्या मातीत तो आधीच हळू झिरपतो आणि पावसाळ्यात तर थांबतोच.

टँक दोन-तीन वर्षांनी उपसावा. आणखी खात्री हवी असेल तर लांब काठीला जुना पांढरा टॉवेल गुंडाळून झाकणातून तळापर्यंत सोडा, मिनिटभर थांबा आणि सरळ वर काढा. काळा डाग टँकमधल्या द्रवाच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत असेल तर वेळ झाली. झाकण उघडल्यावर वाकून पाहू नका, काडी पेटवू नका, जवळ मुलं नकोत. उपसायला सक्शन गाडीच बोलवा. कोणी आत उतरून साफ करतो म्हणाला, तर निम्मे पैसे वाचत असले तरी नाही म्हणा. आतल्या वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो, आणि २०१३ च्या कायद्याने माणसाला असं आत उतरवणं गुन्हा आहे.

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची अमृतस्नानं आहेत. पंचवटीतल्या वाड्यांपासून आडगावच्या मळ्यांपर्यंत घराघरांत नातेवाईक उतरतील, पाच जणांचा संडास पंधरा जण वापरतील. टँक त्याच वर्षीच्या मे महिन्यात उपसून घ्या. ऐन पर्वकाळात रस्ते बंद असतील आणि गाडी गल्लीत शिरणार नाही. संडासात दुसरा डबा ठेवा आणि दाराच्या आतल्या बाजूला, बसल्यावर डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर, मोठ्या अक्षरांत चिकटवा: "पॅड, डायपर, वाइप्स, केस डब्यात टाका. कागद वरच्या फळीवर आहे."