केमो लागायच्या आधीच मळमळतंय? मग हे करून बघा

केमोच्या तिसऱ्या-चौथ्या सायकलपर्यंत, म्हणजे फेरीपर्यंत, काही पेशंटना एक विचित्र त्रास सुरू होतो. सुई टोचलेलीही नसते आणि हॉस्पिटलच्या जिन्यातच पोटात ढवळायला लागतं. कुणाला स्पिरिटच्या बोळ्याचा वास पुरतो, कुणाला आदल्या रात्री फाइल पिशवीत भरताना उमासे येतात. लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध घेणाऱ्याला घरचं कोकम सरबतही नजरेसमोर नको होतं. घरचे म्हणतात, 'मनाचे खेळ आहेत, टेन्शन घेऊ नकोस.' खेळ मेंदूचेच आहेत, पण सांगून थांबणारे नाहीत.

केमोनंतर उलट्या झाल्या की मेंदू त्या वेळचा वास, रंग, खुर्ची, सगळं त्या उलटीशी बांधून ठेवतो. पुढच्या वेळी नुसता वास आला तरी पोट तयारीला लागतं. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉवच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना अन्नाची खूण मिळताच लाळ सुटायची, तोच हा प्रकार. मन धास्तावलेलं असेल तर ही गाठ लवकर बसते आणि एकदा बसली की उलटीच्या नेहमीच्या गोळ्या तिच्यावर फारशा चालत नाहीत. म्हणून खरी लढाई पहिल्या सायकलची. ज्यांना एसटीत बसलं की गाडी लागते, ज्यांना गरोदरपणात फार उलट्या झाल्या होत्या, जे पन्नाशीच्या आतले आहेत, त्यांना हा धोका जास्त. हे डॉक्टरांना पहिल्या केमोआधीच सांगा, ते औषधं त्या हिशोबानं देतील.

'उलटी झाली तर गोळी घेऊ' ही सर्रास होणारी चूक. गोळ्या लिहून दिलेल्या वेळेला, मळमळ नसतानाही घ्यायच्या. ऑन्डानसेट्रॉन या उलटीच्या गोळीनं पोट साफ होत नाही आणि तुंबलेलं पोट पुन्हा मळमळतं, त्यामुळे बद्धकोष्ठाचं औषध सोबत मागून घ्या. उलटीसाठीच दिलं जाणारं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड झोप उडवतं. संध्याकाळचा डोस दुपारी घेतला तर चालेल का, हे विचारा. मेटोक्लोप्रमाइड हे उलटीचं औषध सुरू केल्यावर पाय स्वस्थ राहत नसतील, एका जागी बसवत नसेल, तर ते टेन्शन समजू नका. तो त्या औषधाचाच परिणाम असू शकतो आणि औषध बदलता येतं.

जेवणाची एक युक्ती आहे. १९७८ साली इलीन बर्नस्टाइन या अमेरिकन संशोधिकेनं दाखवलं, की केमोच्या आधी नव्या चवीचं आइस्क्रीम खाल्लेली मुलं नंतर तेच आइस्क्रीम नाकारतात. तेव्हा केमोच्या दिवशी आवडीचा पदार्थ डब्यात द्यायचाच नाही. पुरणपोळी, आमटी-भात घरी, बऱ्या दिवसांसाठी राखा. नेहमीचं साधं खाणं झाल्यावर आणि केमो सुरू होण्याआधी, कधी न खाल्लेल्या, तीव्र चवीची एखादी गोळी चघळा. पुढे शिसारी बसलीच तर ती बहुधा त्या गोळीवर बसते, जेवण सुटतं. तोंडात फोड असतील तर मात्र हे टाळा.

आता मेंदूत मळमळीची ही गाठ बसलेलीच असेल तर. आधी शरीर सैल सोडायला शिका: दिवसातून दोनदा, १५ मिनिटं. पायाच्या बोटांपासून सुरुवात. एकेक भाग ५ सेकंद आवळायचा, २० सेकंद सैल सोडायचा. पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, जबडा. श्वास ४ आकडे आत, ६ आकडे बाहेर. पिक लाइन (औषधासाठी दंडातून घातलेली नळी) किंवा सूज असलेला हात आणि हाडात कॅन्सरची गाठ असलेला भाग आवळायचा नाही. केमोच्या दिवशीच पहिल्यांदा करून काही उपयोग नाही, किमान आठवडाभर आधी सवय लागली पाहिजे.

ती लागली की केमोपर्यंतच्या, मळमळ आणणाऱ्या पायऱ्या कागदावर उतरवा. पिशवी भरणं, रिक्षात बसणं, हॉस्पिटलचं गेट, लिफ्टमधला वास, खुर्ची, सुई. अंग सैल असताना सर्वांत खालची पायरी, म्हणजे पिशवी भरणं, डोळ्यांसमोर आणा. पोटात हललं, की चित्र सोडून पुन्हा श्वासावर या. एकच पायरी दोन-तीनदा शांतपणे पार पडली तरच पुढची. घाईनं थेट सुईपर्यंत पोचणाऱ्यांचं फसतं. या पद्धतीचा उपयोग होतो हे १९८२ सालीच तपासून झालं आहे. मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ सोबत असेल तर उत्तमच. मदत कुठे मिळेल हे कळत नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

डॉक्टर कधी कधी आदल्या रात्री आणि केमोच्या सकाळी लोराझेपाम ही मन शांत करणारी गोळी देतात. गुंगी येते, म्हणून त्या दिवशी दुचाकी नाही आणि वयस्कर माणसानं रात्री एकट्यानं उठायचं नाही. नैराश्याच्या गोळ्या सुरू करताना टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरची गोळी) चालू असेल तर ते आवर्जून सांगा. नैराश्याच्या गोळ्यांपैकी पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन टॅमॉक्सिफेनचं काम अडवतात.

आणि 'टेन्शन घेतलंस म्हणून कॅन्सर झाला' असं पेशंटला ऐकवू नका. युरोपातल्या १,१६,००० लोकांच्या माहितीचं विश्लेषण २०१३ साली प्रसिद्ध झालं. कामाच्या ताणाचा आतडं, फुप्फुस, स्तन किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरशी संबंध त्यात आढळला नाही. ताण उतरवायला तोंडात जाणारी तंबाखू आणि मिश्री, त्यांची गोष्ट वेगळी. ती सोडवायला मदत करा.

मळमळीचा केमोच्या तारखांशी मेळच लागत नसेल, तर मेंदूला बोल लावण्याआधी तपासणी हवी. सकाळी उठताच डोकेदुखीसह उलटी, चार दिवस शौचाला न होणं, गोंधळल्यासारखं वागणं, यासाठी पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर ताप असेल, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी इमर्जन्सीत जा.