कुत्र्याला घेऊन कोकणच्या किनाऱ्यावर जाताना

कुत्र्यासह कोकणात जायचे ठरले की पहिला प्रश्न साहजिकच ‘तिथे कुत्र्याला परवानगी आहे का’ हा असतो. दापोली, गुहागर किंवा मालवण परिसरातील बहुतेक गावांत याचे उत्तर कोणत्याही पाटीवर लिहिलेले सापडत नाही. ते घरमालकाशी आधी झालेल्या बोलण्यावर आणि आपण तिथे कसे वागतो यावर अवलंबून असते. म्हणून सहलीची आखणी दिवस निवडण्यापासून सुरू करावी, घर त्यानंतर शोधावे आणि कुत्र्याच्या डॉक्टरांकडे निदान महिनाभर आधी जावे.

दिवसांची निवड

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकताना जिभेवरून आणि श्वासमार्गातून जे पाणी वाफ होऊन जाते, त्यावरच त्याचे शरीर मुख्यतः थंड होते. किनाऱ्यावरची हवा दमट असल्यामुळे ही वाफ होण्याची क्रिया मंदावते, आणि पुण्याच्या कोरड्या हवेत सहज सोसणारे तापमान कोकणात त्याच कुत्र्याला जड जाते. डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ त्यासाठी सर्वांत चांगला. आंब्याच्या ओढीने मे महिन्यात जाणाऱ्यांनी कुत्र्याला घरी विश्वासू माणसाकडे ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पग आणि बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या किंवा हस्कीसारख्या दाट केसांच्या कुत्र्यांच्या बाबतीत तर याला अपवाद करू नये. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस (थोडक्यात ‘लेप्टो’) या संसर्गजन्य रोगाचा धोका वाढतो, त्यामुळे तोही काळ टाळावा.

महिना ठरल्यावर तिथी पाहावी. किनाऱ्यावरची जुनी माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीच्या आकड्याला तीनने गुणून चारने भागले की भरतीचा अंदाजे तास मिळतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, तर पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास पूर्ण भरती असते आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी लागते. याचा अर्थ असा की पौर्णिमा किंवा अमावास्येला आणि त्यापुढच्या दोन-तीन दिवसांत सकाळच्या आणि संध्याकाळच्या गार वेळी समुद्र मागे हटलेला असतो. मुरुड, कर्दे किंवा लाडघरच्या पुळणीवर तेव्हा ओली, घट्ट वाळू लांबवर उघडी पडते आणि कुत्र्याला चालायला याहून चांगली जमीन नाही. अष्टमीच्या आसपास गेल्यास नेमक्या गार वेळी पाणी वर आलेले असते आणि ओहोटी भर दुपारी लागते. मात्र पौर्णिमा-अमावास्येच्या दिवसांत भरतीही मोठी असते आणि पाण्याला ओढ जास्त असते. अशा वेळी कुत्र्याला गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ देऊ नये, आणि खाडीच्या मुखाशी तर पाण्यात मुळीच उतरवू नये.

राहण्याचे गाव आणि घर

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी दापोली तालुका निवडावा, असे मी सुचवीन. दापोली शहर डोंगरमाथ्यावर असल्याने किनाऱ्यापेक्षा थोडे गार असते, तेथे बाजारपेठ आणि औषधांची दुकाने आहेत, आणि मुरुड, कर्दे, लाडघर, आंजर्ले ही किनाऱ्यावरची गावे एकमेकांपासून फार दूर नाहीत. एकाच घरी मुक्काम ठेवावा आणि रोज नवे गाव गाठण्याचा हव्यास सोडावा, कारण कुत्र्याला नव्या जागेच्या वासांची सवय व्हायलाच एक दिवस लागतो.

घरगुती मुक्कामाची चौकशी फोनवर करताना केवळ ‘कुत्रा चालेल का’ असे विचारू नये. कुत्र्याचे वय, आकार, तो भुंकतो का, घरात कुठवर येईल, हे आपणहून सांगावे आणि घरी मांजर, कोंबड्या, गोठ्यात गुरे किंवा त्यांचा स्वतःचा कुत्रा आहे का, हे विचारून घ्यावे. अनेक घरांत देवघर आणि स्वयंपाकघर यांबाबत सोवळ्याचे नियम पाळले जातात, खळे शेणाने सारवलेले असते आणि पिण्याचे पाणी अंगणातल्या विहिरीचे असते. ‘काकू, हा पडवीच्या पुढे येणार नाही, त्याचे अंथरूण आणि भांडी आमची आम्ही आणतो’ एवढे आधी सांगितले की पुष्कळ अवघडलेपण दूर होते. दिलेला शब्द मग कसोशीने पाळावा. विष्ठा पिशवीत उचलून कचऱ्यातच टाकावी. विहिरीच्या आसपास, आगरात (नारळी-पोफळीच्या बागेत) किंवा पाखाडीवर (दगडी पायवाटेवर) ती पडून राहिली, तर त्या घराचे दार पुढच्या कुत्र्यालाही बंद होते.

कुत्र्याला माडाच्या बुंध्याशी कधीही बांधू नये. सावली छान वाटते, पण नारळ आणि वाळलेली झाप केव्हा खाली येईल याचा नेम नसतो.

संध्याकाळनंतरचा नियम अधिक कडक आहे. कोकणात वस्तीलगत बिबट्या वावरतो आणि कुत्रा हे त्याचे सहज मिळणारे भक्ष्य असते. अंधार पडल्यावर कुत्र्याला अंगणात मोकळे किंवा बांधून ठेवू नये, झोपायला बंद खोलीतच घ्यावे, आणि रात्री लघवीसाठी न्यावे लागल्यास हातात विजेरी घेऊन, आखूड पट्ट्याने, घरापाशीच न्यावे. अशी खोली देण्याची घरमालकाची तयारी नसेल, तर ते घर घेऊ नये.

प्रवास

रेल्वेने जायचे तर प्रथम वर्गात दोघांचा कूपे किंवा चौघांची केबिन पूर्ण आपल्या नावावर असावी लागते, आणि पार्सल कार्यालयात कुत्र्याची नोंद करून भाडे भरावे लागते. इतर वर्गांच्या डब्यांत त्याला नेता येत नाही. गार्डच्या डब्यातील पेटीचा पर्याय उरतो, पण तेथील गोंगाट आणि उकाडा पाहता मी तो कोणालाही सुचवणार नाही. दापोलीसाठी कोकण रेल्वेचे जवळचे स्थानक खेड आहे, आणि तेथून पुढे कुत्र्याला नेणारे वाहन आधीच ठरवून ठेवावे लागते.

स्वतःच्या गाडीने जाणे सर्वांत सोयीचे. ताम्हिणीसारख्या घाटांतल्या वळणांनी बऱ्याच कुत्र्यांना मळमळते, म्हणून निघण्यापूर्वी तीन-चार तास जेवण देऊ नये, पाणी थोडे थोडे पाजावे आणि दर दोन तासांनी थांबावे. त्याला मागच्या आसनावर सुरक्षा पट्ट्याने बांधावे किंवा घट्ट बसवलेल्या पिंजऱ्यात ठेवावे. बागमांडला-वेसवी किंवा दाभोळ-धोपावे येथे फेरीबोटीने खाडी ओलांडायची असल्यास कुत्र्यासोबत कोणीतरी सतत राहावे, कारण भोंगा आणि इंजिनाचा आवाज त्याला नवा असतो. गाडी उन्हात उभी करून कुत्र्याला आत सोडून जेवायला जाणे हा प्राणघातक प्रकार आहे. बंद गाडीतले तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास चढते आणि काच बोटभर उघडी ठेवल्याने त्यात विशेष फरक पडत नाही.

पुळणीवर

किनाऱ्यावर पट्टा सोडू नये, मग कुत्रा कितीही आज्ञाधारक असो. यामागे सर्वांत महत्त्वाचे कारण कासवांचे आहे. वेळास, आंजर्ले, गुहागर, वायंगणी अशा अनेक किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि ती वाळूखाली पन्नासेक दिवस राहतात. कुत्र्याचे नाक ही घरटी सहज शोधते आणि पंजे ती काही क्षणांत उकरतात. ही कासवे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, आणि वेळासमध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली सुरू केलेले अंडी जपण्याचे काम गावकऱ्यांनी पुढे चालवले आहे. आपल्या सहलीचा आनंद त्यांच्या कामावर पाणी फिरवणारा नसावा. पहाटे आणि रात्री कासवांच्या किनाऱ्यावर कुत्रा नेऊच नये, आणि पिल्ले सोडण्याचा कार्यक्रम पाहायचा असेल तर त्याला घरच्या एखाद्या माणसासोबत खोलीवर ठेवावे. सकाळी फिरायला नेताना भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू टाळून ओल्या वाळूतूनच चालावे.

जाळ्यातून काढून टाकलेले मासे हा दुसरा धोका. केंड मासा, म्हणजे अंग फुगवणारा मासा, अतिशय विषारी असतो आणि तो मेल्यावरही विष तसेच राहते. शिंगाळ्याचे काटे पायात किंवा तोंडात रुततात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असताना, हर्णे बंदरात मासळीचा लिलाव चालू असताना आणि सुकी मासळी वाळत घातलेली असताना कुत्र्याला तिकडे नेऊ नये. ती मासळी कोणाच्या तरी वर्षाची बेगमी असते.

खारे पाणी प्यायल्याने उलट्या आणि जुलाब होतात. त्यामुळे पुळणीवर जाण्यापूर्वी गोडे पाणी पाजावे, सोबत बाटली ठेवावी आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी पुढे करावे. परतल्यावर गोड्या पाण्याने आंघोळ घालून बोटांच्या बेचक्या आणि कान कोरडे करावेत. दहाच्या पुढे वाळू आणि जांभ्याचे सडे (खडकाळ माळ) तापतात. तळहात सात सेकंद टेकवून ठेवता येत नसेल, तर ती जागा त्याच्या पंजांसाठीही तापलेलीच समजावी.

गावातील कुत्री आपापल्या हद्दी सांभाळतात. समोरून टोळी आली तर आपल्या कुत्र्याला कडेवर उचलू नये, वळून शांतपणे दुसरी वाट धरावी. मंदिरांत, किल्ल्यांवर आणि फणसाडसारख्या अभयारण्यांत त्याला नेण्याचा बेत मुळातच आखू नये.

औषधे आणि आणीबाणी

रेबीजचे लसीकरण चालू असल्याचा दाखला सोबत असावा. लेप्टोच्या लसीची सुरुवात दोन मात्रांनी होते आणि त्यांत काही आठवड्यांचे अंतर लागते, म्हणूनच डॉक्टरांकडे महिनाभर आधी जायचे. गोचिडांवर मानेला लावायच्या औषधापेक्षा तोंडाने द्यायची गोळी इथे अधिक उपयोगी ठरते, कारण समुद्रात वारंवार भिजल्याने वरच्या औषधाचा प्रभाव कमी होतो. कोणती गोळी, किती, हे डॉक्टरांनी ठरवावे.

कोकणच्या सड्यांवर, गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या) फटींत आणि दगडांखाली फुरसे हा विषारी साप आढळतो. दंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये, कुत्र्याला चालवू नये. त्याला उचलून शक्य तितक्या लवकर प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यावे. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचे काम मुख्यतः गुराढोरांचे असते, त्यामुळे कुत्र्यांवर उपचार करणारा खासगी डॉक्टर कुठे आहे, रात्री येतो का आणि प्रतिविष कुठे मिळते, ही माहिती निघण्यापूर्वीच घरमालकाकडून आणि आपल्या डॉक्टरांकडून मिळवून कागदावर लिहून ठेवावी. डोंगरातल्या वाटांवर मोबाइलला रेंज असेलच असे नाही.

उष्माघाताची लक्षणे म्हणजे न थांबणाऱ्या धापा, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या आणि लडखडणे. अशा वेळी सावलीत नेऊन अंगावर साधे गार पाणी ओतत वारा घालावा आणि तशाच ओल्या अंगाने दवाखाना गाठावा.

जेवण घरून नेलेलेच द्यावे. माशाच्या कालवणात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्यांना बाधतो. आंब्याची कोय गिळली गेल्यास आतड्यात अडकू शकते.

घरी परतल्यावर पुढचे तीन आठवडे रोज कानांच्या आत, बोटांमध्ये आणि शेपटीखाली गोचीड तपासावी. ताप, सुस्ती, पिवळसर डोळे, गडद लघवी किंवा नाकातून रक्त यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि कुत्रा कोकणात जाऊन आला आहे हे सर्वांत आधी सांगावे.