रेडिसचा स्नॅपशॉट कोड वाचायचा असन तं वरून खाली वाचू नका, एक की पकडा

रेडिस हा असा डेटाबेस हाय की त्यातला डेटा रॅममध्ये राहते, अन् आपल्या इकडं लाईन कधी जाईन याचा नेम नाही, तं पहिला प्रश्न हाच येते की हा डेटा डिस्कवर नेमका कधी उतरते (डिस्कवर उतरलेली ही कॉपी म्हणजेच स्नॅपशॉट). डॉक्युमेंटेशनमध्ये उत्तर हाय, पण सोर्समध्ये एकदा पाहिलं का पक्कं बसते. सी थोडीफार येत असन, स्ट्रक्ट अन् पॉइंटर पाहून घाम फुटत नसन, तं जमण्यासारखं काम हाय.

पहिले डाउनलोड. तालुक्याच्या गावी गेले का ६.२ चा सोर्स उतरवून घ्या, गावात गच्चीवर रेंज शोधत बसू नका, कारण एकदा आणला का मंग नेटचं काही काम नाही, लागणाऱ्या लायब्ऱ्या डेप्स फोल्डरमध्ये सोबतच येतात, फक्त जीसीसी अन् मेक पाह्यजे. ६.२ च काहून? नवीन व्हर्जनमध्ये कीज ठेवायची रचना बदलली, २०२४ मध्ये लायसन्स बदललं अन् वाल्की नावाचा प्रोजेक्ट त्यातून वेगळा निघाला, शिकताना या भानगडी नको. बिल्ड करताना मेक नोऑप्ट करा, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद राहते अन् जीडीबी (कोड एकेक लाईन थांबवून पाहायचा डीबगर) लाईनीवरून इकडं-तिकडं उड्या मारत नाही. (नावं मी देवनागरीत लिहून राहिलो, सर्च मारताना इंग्रजी स्पेलिंग टाकून घ्या.)

आता आरडीबी डॉट सी (स्नॅपशॉटचा कोड याच फाईलीत हाय) उघडून पहिल्या लाईनीपासून वाचायला बसू नका भाऊ, झोप येते. रिकाम्या फोल्डरमधून सर्व्हर चालू करा, एकच की टाका: नाव 'गाव', किंमत 'वर्धा'. सेव्ह कमांड द्या अन् तयार झालेली डंप फाईल हेक्सडंप डॅश सी (इंग्रजी मोठा सी) नं पाहा. सुरुवातीले ९ बाईट, रेडिस अन् पुढं ०००९, हे फॉरमॅटचं व्हर्जन. मंग एफए नं सुरू होणारी माहिती (रेडिसचं व्हर्जन, वेळ, मेमरी वगैरे), मंग एफई ०० म्हणजे डेटाबेस नंबर शून्य, एफबी म्हणजे टेबलात किती कीज. त्याच्या पुढं आपली की: ०० म्हणजे स्ट्रिंग, ०९ लांबी, ९ बाईट, ०एफ लांबी, १५ बाईट. गाव मध्ये कानाही वेगळा धरला तं तीन कोडपॉइंट, दर एकाले ३ बाईट, झाले ९. वर्धा मध्ये पाच, झाले १५. शेवटी एफएफ अन् ८ बाईटचा चेकसम.

आता हे बाईट समोर ठेवून आरडीबीसेव्हरिओ वाचा. फाईलीत जो क्रम दिसला तोच क्रम कोडात दिसते, एकेका लाईनीले फाईलीतला बाईट सापडत जाते. लांबीचं गणित आरडीबीसेव्हलेन मध्ये हाय, पहिल्या बाईटच्या वरच्या दोन बिटांवर सगळा खेळ, ०० असले तं उरलेल्या ६ बिटांतच लांबी बसते. मंग किंमत बदलून पाहा, १२३४ (इंग्रजी आकड्यात) टाकली का तेच अक्षर दिसत नाही, पूर्णांक म्हणून आखूड लिहिते, अन् २० बाईटच्या वरची स्ट्रिंग असली का एलझेडएफ नं दाबून पाहते. एवढं झालं का फॉरमॅट सोडा, बाकी टाईप लागन तेव्हा पाहता येते.

खरी मजा तं आरडीबीसेव्ह अन् आरडीबीसेव्हबॅकग्राउंड मध्ये हाय. आरडीबीसेव्ह आधी टेम्प नावाची वेगळी फाईल बनवते, तिच्यात सगळं लिहिते, एफफ्लश, एफसिंक, एफक्लोज, अन् सगळं नीट झालं तरच रिनेम. म्हणून लिहिता लिहिता लाईन गेली तरी जुनी डंप फाईल जशीच्या तशी राहते. बॅकग्राउंडवालं फोर्क करते (म्हणजे चालू प्रोसेस, पॅरेंट, आपली जुळी प्रोसेस बनवते, ती चाइल्ड) अन् चाइल्ड प्रोसेसमध्ये हेच फंक्शन चालवते. फोर्क झालं म्हणून सगळी रॅम लगेच दुप्पट होत नाही, शेताची वाटणी कागदावर झाली पण वहिती अजून एकत्रच, तसं दोघं मेमरीचं तेच पान वापरतात, पॅरेंटनं ज्या पानात काही बदललं तेवढ्याच पानाची कर्नल वेगळी कॉपी करते. म्हणून चाइल्ड चालू असताना पॅरेंट हॅशटेबलची साईज बदलायचं शक्यतो टाळते (अपडेटडिक्टरिसाइझपॉलिसी पाहा), नाही तं फुकटची पानं कॉपी होतील.

इथं एक जागा हाय जिथं हमखास गोंधळ होते. आरडीबीसेव्ह च्या शेवटी सर्व्हर डॉट डर्टी (मागच्या सेव्हनंतर किती बदल झाले तो आकडा) शून्य केलेलं हाय. बॅकग्राउंडमध्ये हे चाइल्डच्या मेमरीत होते, पॅरेंटले त्याचा काही पत्ता नाही! पॅरेंटचा हिशोब बॅकग्राउंडसेव्हडनहँडलरडिस्क मध्ये, अन् तिथं शून्य करत नाही, वजाबाकी करते. समजा फोर्कच्या वेळी ५०० बदल झाले होते अन् चाइल्ड लिहीत असताना अजून ४० झाले, तं शेवटी डर्टी ४० राहते, कारण ते ४० फाईलीत गेलेच नाहीत. माझ्या मते या सगळ्या कोडात सगळ्यात भारी ओळ हीच हाय.

हे सगळं कोण चालू करते? सर्व्हर डॉट सी मधलं सर्व्हरक्रॉन, हे फंक्शन ठराविक वेळानं आपोआप चालत राहते. ठरलेले बदल अन् ठरलेला वेळ दोन्ही झाले का सेव्ह: डिफॉल्ट ३६०० सेकंदांत १, ३०० मध्ये १००, ६० मध्ये १००००. म्हणजे दिवसभरात मोजक्या नोंदी होणारं ॲप असन तं लाईन गेल्यावर तासाभराचं काम जाऊ शकते, हे आताच समजून घ्या.

आता मोडून पाहा. दहा-बारा कीज टाका, कॉन्फिग सेट नं आरडीबी-की-सेव्ह-डिले १०००००० ठेवा (मायक्रोसेकंद, म्हणजे दर कीले एक सेकंद) अन् बीजीसेव्ह (बॅकग्राउंड सेव्हची कमांड) द्या. फोल्डरमध्ये टेम्प फाईल दिसन, साईज शून्यच राहीन कारण मजकूर अजून बफरमध्ये हाय. तेवढ्यात चाइल्डले किल डॅश नाईन मारा. टेम्प फाईल गायब होते, अन् नवीन सेट कमांड दिली का मिसकॉन्फ एरर येते, कारण मागचं सेव्ह फसलं तं रेडिस नवीन लिखाणच घेत नाही. डिले शून्यावर आणून परत बीजीसेव्ह द्या, ते नीट झालं का एरर गेली. जीडीबीतून चालवायचं असन तं मात्र बीजीसेव्ह नको, साधं सेव्ह द्या, फोर्कची कटकट नाही.

लोडिंगवालं आरडीबीलोडरिओ एकदम शेवटी वाचा, लिहिणं समजलं का ते उलटं वाचल्यासारखंच हाय, फक्त मुदत संपलेल्या कीज मास्टर (मुख्य सर्व्हर) कुठं टाकून देते तेवढी इफ नजरेतून सोडू नका.