जुनी विनोदी सिनेपोस्टरं: अस्सल कशी ओळखावीत, कशी जपावीत

साठ-सत्तरच्या दशकांतल्या हिंदी विनोदी सिनेमांची पोस्टरं म्हणजे झगझगीत पिवळा-गुलाबी रंग, फुगलेले गाल आणि तिरकी नाचरी अक्षरं. चित्र आधी हातानं रंगवायचं, मग छापायचं, अशी रीत होती. दिवाकर करकरे यांच्यासारख्या पोस्टर-चित्रकारांचे पॅलेट नाइफचे, म्हणजे रंग लावायच्या बोथट सुरीचे, फटकारे छपाईतही दिसतात. गाजलेल्या मारधाडपटांमागे सगळेच धावतात, म्हणून नकलाही त्यांच्याच जास्त. नवख्यानं कमी गाजलेल्या विनोदी सिनेमापासून सुरुवात करावी.

मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर जाताना मोजपट्टी आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवा.

१. आधी माप घ्या. नेहमीचं मोठं पोस्टर साधारण ३० × ४० इंच असतं. १२ × १८ किंवा २४ × ३६ निघालं, तर ते आजच्या फ्रेमसाठी छापलेलं असण्याची शक्यता दाट. खालची कड कापलेली नाही ना, तेही पाहा. छापखान्याचं नाव बहुधा तिथंच असतं.

२. मग भिंग लावा, पण चित्रावर नाही, अक्षरांवर. ऑफसेट यंत्रावर छापलेल्या अस्सल पोस्टरात चित्र ठिपक्यांचंच असतं, त्यामुळे ठिपके दिसले म्हणून नक्कल ठरत नाही. मात्र श्रेयनामावलीची काळी अक्षरं भरीव आणि कडेला धारदार हवीत. स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरंही ठिपक्यांनी बनलेली दिसतात.

३. घड्यांवरून बोट फिरवा. पोस्टरं घडी घालून थिएटरांकडे जात. अस्सल घडी बोटाला लागते आणि तिच्यावरची शाई थोडी उडालेली असते. नकलेत घडीचं नुसतं चित्र असतं, कागद सपाटच.

४. सगळ्यात जास्त फसगत पुनर्प्रदर्शनाच्या पोस्टरांत होते. तीही जुनी आणि खरीच असतात, पण पहिल्या प्रदर्शनाची नसतात. त्या वेळी दुय्यम असलेला नट पुढे स्टार झाला की नव्या पोस्टरावर त्याचा चेहरा मोठा होतो. वितरकाचं नावही पाहा, ते बदललेलं असू शकतं. आवडलं तर जरूर घ्यावं, पण पहिल्या छपाईच्या भावानं नाही.

फाटलेली कड चालेल. वरून रंग भरून ‘नवं’ केलेलं पोस्टर आम्ही घेणार नाही. थिएटरचा शिक्का किंवा वर चिकटवलेली खेळांच्या वेळांची पट्टी काढू नका. तो पोस्टरचा इतिहास आहे.

घरी आणल्यावर सेलोटेप लावू नका. तिचा गोंद कागदात मुरून तपकिरी होतो आणि डाग जात नाही. लॅमिनेशन तर कधीच नको, ते नंतर सुटत नाही. कागद घड्यांवर तुटत असेल, तर जुने कागद दुरुस्त करणाऱ्या संवर्धकाकडून मागे पातळ पण चिवट जपानी कागद आणि सुती कापड लावून घ्यावं, तेही गव्हाच्या स्टार्चच्या खळीनं. ही खळ पुढे ओलावून सोडवता येते.

फ्रेमला अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक आणि मागे आम्लविरहित पुठ्ठा घ्या. ॲक्रिलिक आणि कागदात ३ ते ५ मिलिमीटर अंतर हवंच. पावसाळ्यात दमट हवेनं चिकटलेला कागद सोडवताना शाई निघते. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर फ्रेम टांगू नये. इतरत्रही मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवावी. दसऱ्याच्या सुमारास फ्रेम उतरवून मागची बाजू बघावी. कसर लागली असेल, तर पुठ्ठ्याचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा दिसतो.