सेन्सर टेबलावर चालतो, अंगावर आणि गाडीत रुसतो? या चुका टाळा

नाडी मोजणारा पट्टा आणि एअरबॅग उघडणारा सेन्सर यांचा वरवर पाहता काही संबंध नाही. पण नवा सेन्सर घडवणाऱ्यांना दोन्हीकडे ठेच लागते ती एकाच दगडाची. सेन्सर रक्तातला ऑक्सिजन मोजत नाही, बोटातून किती प्रकाश आरपार आला ते मोजतो. तो धडक ओळखत नाही, सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा किती सरकला तेवढंच सांगतो. मधलं सगळं आपण गृहीत धरलेलं असतं. बिघाड शोधताना लोक सर्किट उसवत बसतात, गृहीतकाकडे मात्र कुणी बघत नाही.

बोट नसतानाही नाडी दिसते

प्रोटोटाइप टेबलावर आहे, आत बोट नाही, तरी स्क्रीनवर ६० ची सुरेख लय चालू आहे. अशा वेळी कोड उघडण्याआधी खोलीतला दिवा बंद करून पाहा. ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० आवर्तनांच्या) विजेवरचे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. तुम्ही सेकंदाला ३३ नमुने घेत असाल तर १०० मधून ९९ (३३ ची तिप्पट) जाऊन १ उरतो. म्हणजे सेकंदाला एक ठोका, मिनिटाला ६०! ही खोटी लय एकदा नमुन्यांत शिरली की पुढचा डिजिटल फिल्टर तिला वेगळं काढू शकत नाही, कारण खऱ्या नाडीचा वेगही त्याच टप्प्यात असतो. उपाय नमुना घेण्याआधीच करावा लागतो: अ‍ॅनालॉग फिल्टर, उजेड अडवणारं आवरण, आणि सेन्सरचा स्वतःचा एलईडी दिवा पेटवण्याच्या लगेच आधीचं वाचन दर वेळी वजा करणं.

गोंगाट म्हणून कामाचंच फेकून देता

याच्या उलट चूकही तितकीच होते. श्वासाबरोबर ईसीजीची रेघ वरखाली डोलते, ती सरळ दिसावी म्हणून ०.५ हर्ट्झच्या खालचं सगळं गाळलं जातं. आलेख देखणा होतो, पण साध्या फिल्टरने एसटी भागाचा, म्हणजे ठोक्याच्या उंच टोकानंतरच्या रेघेचा, आकार बिघडू शकतो, आणि हृदयविकाराच्या झटक्याच्या खुणा डॉक्टर नेमक्या तिथेच शोधतात. नुसते ठोके मोजायचे असतील तर हा फिल्टर चालेल. निदानासाठी ही खालची मर्यादा ०.०५ हर्ट्झच्या आसपास ठेवतात.

गोंगाटाबद्दल ताकुओ आओयागी यांची गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. १९७० च्या दशकात जपानच्या निहॉन कोहदेन कंपनीत ते रक्तात रंगद्रव्य सोडून हृदय किती रक्त बाहेर ढकलतं ते मोजत होते आणि नाडीची थरथर त्यांचा आलेख बिघडवत होती. दोन तरंगलांबींचा प्रकाश वापरून त्यांनी ती थरथर रद्द केली, पण ऑक्सिजनचं प्रमाण बदललं की ती परत डोकं वर काढी. त्या चिवट त्रासातूनच १९७४ मध्ये पल्स ऑक्सिमीटरची कल्पना पुढे आली. तेव्हा काहीही गाळण्याआधी ते कशामुळे बदलतं हे एकदा नोंदवून ठेवा.

ज्यांच्यावर तपासलं, त्यांच्यापुरतंच खरं

पल्स ऑक्सिमीटरचं अंशांकन (कोणत्या वाचनाला किती ऑक्सिजन म्हणायचं हे ठरवणं) निरोगी स्वयंसेवकांवर होतं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून कमी निघण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या नोंदींत ३.६ टक्के होतं, कृष्णवर्णीयांच्या नोंदींत ११.७. त्वचेतलं मेलॅनिन प्रकाश शोषतं हे कुणाला नवीन नव्हतं, तरी ते चाचणीत पुरेसं उतरलं नाही. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झालेल्या माणसालाही नेहमीचा दोन तरंगलांबींचा ऑक्सिमीटर जवळपास ठणठणीत दाखवतो.

गाड्यांतही तेच. सरासरी उंचीच्या पुरुषाला डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या एअरबॅगने १९९० च्या दशकात अमेरिकेत लहान मुलांचे आणि ठेंगण्या व्यक्तींचे जीव घेतले. सीटवर कोण बसलंय हे ओळखणारे सेन्सर त्यानंतर आवश्यक ठरले. इथे एक तांत्रिक सापळा आहे: दाब पडला की पिझो स्फटिकावर येणारा विद्युतभार झिरपून जातो, म्हणून स्थिर बसलेला माणूस काही वेळाने यंत्राच्या लेखी ‘उठून जातो’. स्थिर वजनासाठी स्ट्रेन गेज (ताण पडला की विद्युतरोध बदलणारी पट्टी) घ्या.

आलेखाचे माथे सपाट कापलेले दिसत असतील तर सेन्सरचा पल्ला अपुरा आहे. गुरुत्वाच्या दुप्पट पल्ल्याचा, वेगातला बदल मोजणारा फोनमधला अ‍ॅक्सिलरोमीटर धडकेला पुरत नाही, १९९० च्या दशकात एअरबॅगसाठी आलेल्या चिपचा पल्ला ५० पट होता.

९९ टक्के अचूक, तरी कुणी वापरत नाही

समजा, चालकाची डुलकी ओळखणारं यंत्र दर मिनिटाला निकाल देतं. ते ९९ टक्के डुलक्या पकडतं आणि जागेपणीही ९९ टक्के वेळा बरोबर असतं. डुलकीचं मिनिट हजारात एकच असेल, तर एका खऱ्या इशाऱ्यामागे दहा खोटे. चालक पहिल्याच आठवड्यात आवाज बंद करायचं बटण शोधतो. अतिदक्षता विभागात सतत किणकिणणाऱ्या अलार्मचंही असंच होतं. टक्केवारी मिरवू नका, तासाला किती खोटे इशारे येतात ते मोजा.

आणि खोटे इशारे टाळताना दुसऱ्या टोकाला जाऊ नका. १८ मार्च २०१८ रोजी अ‍ॅरिझोनातल्या टेंपी शहरात चाचणीवरच्या स्वयंचलित गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली, त्यात ती मरण पावली. गाडीच्या प्रणालीने तिला ५.६ सेकंद आधी टिपलं होतं, असं सरकारी तपासात निघालं. पण प्रणाली तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी ‘इतर’ ठरवत राहिली, आणि वर्ग बदलला की आधीच्या हालचालीची नोंद पुसली जाई. त्यात खोटा ब्रेक लागू नये म्हणून एक सेकंद थांबण्याची तरतूद मुद्दाम ठेवलेली होती. वस्तू काय आहे हे कळलं नाही तरी ती जवळ येतेय एवढं ब्रेकसाठी पुरे असतं. ओळख बदलली तरी माग तुटू देऊ नका.

व्हिडिओची घाई

हे सगळं जमलं की प्रात्यक्षिक दाखवायचा मोह होतो. युरोपात पेटंटच्या अर्जाआधी शोध जाहीर झाला तर साधारणपणे नावीन्य संपलं. अमेरिकेत शोधकाला स्वतःच्या प्रकटनानंतर एक वर्षाची सवलत मिळते, पण तिच्या भरवशावर राहिलं तर इतर अनेक देशांतले हक्क जाऊ शकतात. आधी अर्ज दाखल करा, मग व्हिडिओ टाका.