मागचं स्प्रॉकेट सैल झालंय? आधी नेमकं काय हलतंय ते बघा

स्प्लेंडरसारख्या 100 सीसीच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर किंवा गिअर टाकताना मागून 'खट्' असा आवाज आला, की बहुतेक जण चेन ताणून घेतात. आवाज चार दिवस दबतो आणि जे सैल आहे ते झिजतच राहतं. सैलपणा तीन ठिकाणी असू शकतो आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. चेन कव्हर काढा. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर चालते ते दातेरी चक्र, वर-खाली दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवा. नुसतं स्प्रॉकेट हलत असेल आणि नटांभोवती लालसर तपकिरी भुकटी दिसत असेल, तर नट-बोल्ट सैल आहेत. ती भुकटी म्हणजे लोखंडावर लोखंड घासल्याची खूण. स्प्रॉकेट आणि ते ज्यावर बसतं तो ड्रम असे दोन्ही मिळून डुलत असतील, तर ड्रमचं बेअरिंग गेलंय किंवा चेनच्या बाजूचा मोठा स्लीव्ह नट ढिला आहे. आता चाक घट्ट धरून स्प्रॉकेट पुढे-मागे फिरवा. थोडं दबून परत येणं ठीक. मोकळं फिरून ठोका बसला तर हब रबर (चाक आणि ड्रम यांच्यामधले, झटका शोषणारे रबराचे तुकडे) संपले.

नट बाहेरून दिसत असतील तर चाक जागेवर असतानाच, कुणाला तरी मागचा ब्रेक दाबायला सांगून सैल करा. नंतर ड्रम हातात धरून ते सुटता सुटत नाहीत. लॉक पत्रीचे (नट फिरू न देणाऱ्या पातळ पट्टीचे) दुमडलेले कान आधी सरळ करायला विसरू नका. मग ब्रेक रॉड आणि टॉर्क आर्म (ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरू न देणारी पट्टी) सोडवा, अ‍ॅक्सल (चाकाचा आस) काढा, ब्रेकच्या बाजूचा स्पेसर काढून चाक त्याच बाजूला ओढा. या रचनेत स्प्रॉकेट चेनसकट स्विंगआर्मलाच (मागचं चाक धरणाऱ्या फाट्याला) राहतं, म्हणजे रबर बदलायला चेन उघडायची गरज नाही. ड्रम उतरवायचा असेल तरच चेन लॉक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) काढून स्लीव्ह नट सोडवा.

नुसते नट आवळून काम भागेल का, हे भोकं सांगतात. नट बराच काळ ढिला राहिला की प्रत्येक झटक्याला बोल्ट भोकात आपटतो आणि गोल भोक लांबट होतं. अशा भोकात नवा बोल्टही टिकणार नाही; स्प्रॉकेट बदला, आणि ड्रमची भोकं तशी झाली असतील तर ड्रमही. आटे ओढले गेलेले बोल्ट सरळ टाकून द्या. दात एका बाजूला वाकून हुकासारखे झाले असतील तर चेन आणि पुढचं स्प्रॉकेटही सोबत बदला, नाहीतर जुनी चेन नवे दात लवकर खाते.

बसवताना ड्रमचा आणि स्प्रॉकेटचा टेकणारा भाग तारेच्या ब्रशने अगदी स्वच्छ करा. तिथे रंगाचा किंवा गंजाचा थर राहिला तर तो चालवताना चुरडतो आणि घट्ट आवळलेला नटही पुन्हा सैल होतो. आटे पेट्रोलने धुऊन वाळवा, ग्रीस लावू नका. निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब पुरे. नट समोरासमोरच्या जोडीने, दोन फेऱ्यांत आवळा. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. 8 एमएमच्या बोल्टला साधारण 25 न्यूटन-मीटर लागतं. लॉक पत्री नवीनच हवी, दुसऱ्यांदा दुमडलेला कान तुटतो.

रबर पूर्ण सेट बदला, तेल लागू देऊ नका. सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबणं थोडे दिवस चालतं, मग ते चिरडून ठोका परत येतो. नटाला वेल्डिंगचा टाका तर मुळीच मारू नका: उष्णतेने बोल्ट मऊ पडतो आणि पुढच्या वेळी सगळं कापूनच काढावं लागतं.

चेन लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते तिकडे ठेवा. खालच्या चेनचा खेळ मधोमध 25 एमएमच्या आसपास असू द्या, पण चाक फिरवून ती सर्वांत ताठ असेल तिथे मोजा. दोन्ही अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या आल्यावर आधी स्लीव्ह नट, मग अ‍ॅक्सलचा नट आवळा. टॉर्क आर्मला नवी पिन घाला, ब्रेकचा खेळ जुळवा. 100 किलोमीटरच्या आत कव्हर उघडून नटांना पुन्हा एकदा पाना लावून बघा.