बडोद्यात नोकरीला आलात? साहेबांशी आणि हाताखालच्यांशी असं बोला

पुण्या-नाशिककडून मकरपुरा, सावली, हालोलच्या कारखान्यांत रुजू होणारी मराठी मुलं मला नेहमी भेटतात. काम त्यांना चांगलं येतं. अडतात ती बोलण्यात, आणि बहुतेक सगळी एकाच जागी. म्हणून तेच आधी सांगतो.

तक्रारीची सुरुवात मेलने करू नका. मकरपुऱ्यातल्या एका मशीन शॉपमध्ये आपला एक इंजिनिअर होता. सुधारित ड्रॉइंग वेळेवर मिळेना, म्हणून त्याने सुपरवायझरला मेल टाकला आणि शेठना कॉपी ठेवली. मेलमधलं अक्षर न् अक्षर खरं होतं. पण सुपरवायझर जुना माणूस, त्याला ती चहाडी वाटली. दुसऱ्या दिवसापासून तो याला चहाला हाक मारेना. पुढे गिऱ्हाइकाने एका भोकाचं माप बदललं. ते सगळ्या शॉपला कळलं, फक्त याला नाही. अख्खा लॉट भंगारात गेला आणि जाब यालाच विचारला गेला. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांत कॉपी ठेवणं ही रीत असेल. इथे शेठ रोज फ्लोअरवर फेरी मारतात, त्यामुळे कॉपीचा अर्थ एकच निघतो. आधी त्या माणसाच्या टेबलापाशी जा, बसून बोला. मग ‘आज आपलं असं ठरलं’ एवढ्या दोन ओळी फक्त त्यालाच पाठवा. शेठपर्यंत न्यायचंच असेल, तर तसं त्याला अगोदर सांगा. मेल लिहून तयार असला तरी पाठवू नका, उठा आणि भेटून या.

हाका मारताना नावापुढे भाई किंवा बेन लावा, हेल्परलासुद्धा. हाताखालच्या वयस्क माणसाला गुजरातीत ‘तमे’च म्हणा. आपलं ‘अरे, काय केलंस हे?’ इथे चारचौघांत फार लागतं. चूक बाजूला नेऊन सांगा. गुजराती येईपर्यंत हिंदी चालते. फ्लोअरवर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची माणसं असतातच.

आता आपल्या लोकांबद्दल. मीटिंगमध्ये दोन मराठी माणसं शेजारी बसली की मराठीत कुजबुजतात. बाकीच्यांना वाटतं, आपल्याबद्दलच चाललंय. शिवाय हे गायकवाडांचं गाव. मराठी समजणारे गुजराती इथे पुष्कळ आहेत. साहेब मराठी असेल तर जास्तच जपा. त्याच्याशी मराठी बोलायचं तर दांडिया बाजारच्या गणपतीत बोला, कारखान्यात नको. नाहीतर त्याने दिलेली बढतीही गाववाल्याची म्हणून मोजली जाते.

काम सोपवलं की समोरच्याकडून ते एकदा वदवून घ्या, मशीनच्या आवाजात अर्धं ऐकू येत नाही. तारीख मागा, पण पंचांग बघून. १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायणात, म्हणजे आपल्या संक्रांतीला, माणसं पतंग उडवायला गच्चीवर असतात. दिवाळीनंतर कितीतरी युनिट लाभपाचमीलाच, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीलाच, उघडतात. नवरात्रात गरबा रात्री उशिरापर्यंत चालतो, तेव्हा सकाळी आठची मीटिंग ठेवणाऱ्या मॅनेजरचं मन लावून कोणी ऐकणार नाही.

गुजराती लिपी शिकून घ्या. शिरोरेघ नसते, काही अक्षरं वेगळी आहेत, आणि पाचाचा आकडा आपल्या ‘प’सारखा दिसतो. हाताने लिहिलेल्या जॉब कार्डावर तो नीट वाचा.

पगारवाढीचा शब्द मिळाला तर लेखी घ्या. आणि दिवाळीचा बोनस सांगितलेल्या पगारातच धरलाय की वेगळा, हे रुजू होण्याआधी विचारा.